चव्वेचाळीस ओहमचा भाऊ

बट्ट्या वरून काळ्या आणि खालून कच्च्या निघाल्या, तेव्हा घरात पाहुणे जेवायला बसलेले होते. यापेक्षा जास्त सांगवत नाही. मे महिन्यातलं धुळं, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. त्या बट्ट्या गच्चीवर ठेवल्या असत्या तर खालून नक्कीच जास्त भाजल्या असत्या.

ओटीजीत, म्हणजे टेबलावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, चार रॉड असतात, दोन वर आणि दोन खाली. खालचे दोन्ही थंड होते. माणूस लगेच म्हणतो, दोन्ही गेले. थांबा. आधी बटण बंद करून भागत नाही, पिनच भिंतीतून काढायची. ओव्हन पूर्ण गार होऊ द्यायचा, बाजूचा पत्रा सोडवायचा आणि वायरींना हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. ‘लक्षात राहील’ असं म्हणणाऱ्यांचे ओव्हन भंगारवाल्याकडे दिसतात. मग प्रत्येक रॉडची निदान एक वायर काढून तो मोकळा करायचा, नाहीतर मल्टिमीटर दुसऱ्याच वाटेने फिरून येतं आणि खोटं बोलतं. मीटर 200 ओहमवर, म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजण्याच्या पल्ल्यावर, ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची; 0.3 वगैरे दिसतं, ते मीटरच्या स्वतःच्या वायरींचं, वजा करायचं. माझ्या एका रॉडने 44 दाखवले. दुसऱ्याने डाव्या कडेला नुसता ‘1’ दाखवला. म्हणजे आतली तार तुटलेली. बाहेरून रॉड कसा? नवरदेवासारखा. डाग नाही, फुगवटा नाही. निक्रोमची गुंडाळी आत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून बसवलेली असते. ती तुटली तरी वरच्या नळीला पत्ता लागत नाही.

बऱ्याच ओटीजींत खालचे दोन रॉड एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. 44 आणि 44 मिळून 88. घरातली वीज 230 व्होल्टची; 230 गुणिले 230 भागिले 88, म्हणजे 600 वॅट. वरची जोडी तेवढीच, आणि डब्यावर छापलेले 1200 पूर्ण झाले. एक तुटला की दुसरा धडधाकट असूनही गार.

हे मला दुकानात समजावून सांगावं लागलं. दुकानदाराला नाही, त्याला काही ऐकायचंच नव्हतं. पंख्याखालच्या स्टुलावर बसलेल्या आप्पांना. आप्पा दुकानाचे मालक नाहीत, नोकर नाहीत, गिऱ्हाईक तर मुळीच नाहीत. ते तिथे असतात.

“काय व्हयनं भाऊ?”

“ओव्हनचा खालचा रॉड गेलाय, आप्पा.”

“ओव्हन म्हंजे?”

“बट्टी भाजतो त्यात.”

“बट्टी?” आप्पा स्टुलावरून अर्धे उठले. “बट्टी गवरीवर करतस, भो. कपाटमा कोन करस?”

तिथून पुढे माझा ओव्हन कपाट झाला तो झालाच.

“दोन्ही थंडा शेतस ना? मंग दोन्ही लई जाय.”

“दोन्ही थंड आहेत, पण गेलाय एकच. एकाच ओळीत जोडलेत. एक तुटला की दुसऱ्यापर्यंत वीज पोचतच नाही.”

आप्पांनी डोळे मिटून विचार केला आणि दुकानदाराला सांगितलं, “म्हंजे दोन भाऊ शेतस. एक मरी गया, दुसरा सुतकमा बठेल शे.”

सिरीज जोडणी इतक्या नेमकेपणाने मला कुणीच शिकवली नव्हती. मला कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. तेवढ्यात आप्पांनी विचारलं, “मंग तेरावं व्हयनं का आपोआप तापी का?”

दुकानदाराने माझा जुना रॉड हातात घेतला, नव्याशेजारी उभा धरला, लांबी सारखी दिसली. “फिट्ट माप,” म्हणाला. मी खिशातून मीटर काढलं.

“देखा, डॉक्टर उना!” आप्पा ओरडले. पलीकडच्या दुकानातली दोन पोरं बघायला आली. “रॉडनी नाडी देखी ऱ्हायना. ताप शे का त्याले?”

नाडी लागली 176. म्हणजे तो एकटाच थेट 230 वर चालून 300 वॅट देणारा रॉड. माझ्या 44 च्या भावासोबत तो बसवला तर एकूण 220 ओहम, प्रवाह जेमतेम 1 अँपिअर, आणि 600 च्या जागी 240 वॅट. त्यातले 190 नवा खाणार आणि जुन्याच्या वाट्याला 48. एवढ्यात बट्टी काय, पापडसुद्धा रुसून बसेल.

हे माझं खरं दुखणं. रॉडवर ना व्होल्ट छापलेले असतात, ना वॅट, ना ओहम. विकतात ते वितीने. कंपनीच्या केंद्रात फोन केला तर म्हणे हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. तांब्याएवढ्या पैशांच्या भागासाठी अख्खा हंडा बदला!

मी वाद घालत असताना आप्पांनी तोडगा काढला. “जो जित्ता शे त्याले डायरेक्ट करी टाक.” हा तोडगा गावोगाव चालतो, म्हणून सांगतो: 44 ओहमच्या रॉडला एकट्याला 230 दिले तर तो 300 च्या जागी 1200 वॅट खेचतो, लालभडक होतो आणि थोड्याच वेळात भावाच्या मागे जातो.

शेवटी खालच्या खोक्यात 45 चा सापडला. जोडी तुटत नाही म्हणून दोन घ्यावे लागले. दुसरा माळ्यावर आहे.

बसवण्याचं फार काही नाही, पण चुका तिथेच होतात. वायरीच्या टोकाचा जुना लग (पत्र्याची टोपी) काळा पडला असेल तर तो कापून नवा दाबून बसवायचा. डाग देऊ नये, कथील तिथल्या उष्णतेत वितळतं. वायर काचेच्या धाग्याच्या वेष्टणाची हवी, साधी पीव्हीसी नको, आणि चिकटपट्टी तर अजिबात नको. पत्रा लावण्याआधी मीटर मोठ्या पल्ल्यावर ठेवून रॉडचं टोक आणि नळी तपासायची. तिथे त्या नुसत्या ‘1’ शिवाय काहीही दिसता कामा नये. दिसलं तर भुकटीत ओल शिरली आहे आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा घरचा स्विच, पडणार. मग पंधरा-वीस मिनिटं रिकामा ओव्हन, खिडक्या उघड्या. पहिल्यांदा धूर येतो, तो नळीवरच्या तेलाचा.

परवा सायकलवरून त्याच दुकानासमोरून चाललो होतो. एक गृहस्थ गिझरची कॉइल हातात घेऊन उभे होते. 2000 वॅटची असणार, तिला साधारण 26 ओहम लागतात. आप्पा स्टुलावरून बजावत होते,

“चव्वेचाळीसनाच लई जाय, भाऊ. कमी नही, जास्ती नही. डॉक्टरनी सांगेल शे.”

दुकानदार खाली वाकून खोकं धुंडाळत होता. मी पायडल जोरात मारलं.