प्रत्येक रेघेवर एकच उत्तर: हेड क्लीनिंग करा!

प्रिंटरमधून निघालेल्या पानावर पांढरी रेघ आली, हेड क्लीनिंग करा, म्हणजे छापणाऱ्या हेडमधून शाई ओढून ते साफ करा. काळी रेघ आली, हेड क्लीनिंग करा. रेघ उभी असो, आडवी असो, अक्षरं दुहेरी दिसत असोत की निळा रंगच गायब झालेला असो, उत्तर ठरलेलं. हेल्पलाइनवरचा मुलगा तेच सांगतो, दुकानदार तेच सांगतो, कॉम्प्युटरवर उघडणारी खिडकीही तेच सांगते. आणि दर वेळी माझ्या पैशाची शाई मशीनच्या पोटात जाऊन वाया जाते. अरे, आधी विचारा तरी की रेघ कशी आहे! फोटो मागा! कुणी विचारत नाही.

माझा सगळ्यात मोठा संताप हा आहे. रेघ ही मुकी नसते हो. ती कुठल्या दिशेने आली, कुठल्या रंगात आली, किती अंतराने परत आली, यावरून बिघाड बहुतेक वेळा बसल्या जागी ओळखता येतो. त्याला इंजिनिअर लागत नाही. पण हे साधं ज्ञान मशीन विकणाऱ्यांनी आपल्यापर्यंत पोचवलेलं नाही. खोक्यात काय येतं? पंधरा भाषांमधला सुरक्षेच्या सूचनांचा कागद येतो. त्यात प्रिंटर पाण्यात बुडवू नका असं लिहिलेलं असतं. रेघ आली तर काय पाहायचं, यावर एक चित्र नसतं.

घरी प्रिंटर का घेतला? लेकाचे प्रवेशाचे फॉर्म, त्याची सबमिशनं, सासूबाईंच्या पेन्शनची कागदपत्रं, शेताचा सातबारा, यासाठी दर वेळी सायबर कॅफेच्या रांगेत उभं राहायला नको म्हणून. आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत, कागदपत्रं तपासायला न्यायची म्हटल्यावर फोटोवरून पांढरा पट्टा जातो. सातबाऱ्यावरच्या पडताळणी क्रमांकातला आकडा नेमका रेघेखाली येतो. खिडकीवरचा माणूस कागद परत सरकवतो आणि म्हणतो, ‘‘स्पष्ट प्रिंट आणा.’’ मग आहेच पुन्हा सायबर कॅफेची रांग, घरात हजारो रुपयांचं यंत्र असताना!

आता नीट ऐका, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी ते रागारागाने शोधून काढलंय. घरोघरी असतो तो इंकटँकचा, म्हणजे टाकीत शाई ओतायचा प्रिंटर. त्यातलं शाई सोडणारं हेड डावीकडून उजवीकडे धावतं. त्याला केसापेक्षा बारीक छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात. एखादं नोझल बंद पडलं की हेड ज्या दिशेने धावतं त्याच दिशेने, म्हणजे पानावर आडवी, पांढरी रेघ सुटते. आडवी! उभी नाही. उभ्या रेघेचा बुजलेल्या नोझलशी संबंध नसतो. उभी रेष तुटक, पायऱ्यापायऱ्यांची दिसत असेल किंवा अक्षरांना सावली पडत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी, बिघडलेली असते. नाहीतर हेडच्या मागे जी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणलेली असते, ती एन्कोडर स्ट्रिप शाईच्या तुषारांनी मळलेली असते. त्या पट्टीवरच्या बारीक खुणा वाचून हेडला आपण कुठे आहोत हे कळतं. ती मळली की हेड चुकतं. ती किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने अलगद पुसायची असते, बस्स. आणि आम्हाला मात्र फोनवर सांगतात, क्लीनिंग करा. पट्टी बाहेर मळलेली आणि शाई आत ओततोय आपण!

आडवी रेघ असली तरी नोझल बंदच असेल असं नाही. ड्राफ्ट किंवा इकॉनॉमी, म्हणजे शाई वाचवणाऱ्या मोडवर छापलं तर हेड घाईघाईने धावतं आणि गडद भागात पट्टे दिसतात. क्वालिटी वाढवा, दोन्ही दिशांनी छापण्याचा पर्याय बंद करा, कागदाचा प्रकार बरोबर निवडा, बऱ्याच वेळा पट्टे जातात. क्लीनिंगमध्ये एक थेंब शाई न दवडता! हे हेल्पलाइनवर पहिलं वाक्य असायला हवं होतं. ते शेवटचंही नसतं.

आणि नोझल चेक. चार रंगांच्या बारीक तुटक रेषांची जाळी असते ना, ती. काढायला शाई नगण्य लागते. ती क्लीनिंगच्या आधी काढायची आणि नंतर काढायची, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायचे. रेषांमधली खिंडारं दर वेळी त्याच जागी असतील तर शाई सुकून नोझल बुजलेलं आहे. खिंडारं जागा बदलत असतील, आत्ता इथे, मग तिथे, तर टाकीतून हेडकडे शाई नेणाऱ्या नळीत हवा शिरलेली आहे. हा फरक इतका मोलाचा आहे आणि तो सांगायला अर्धं मिनिट लागत नाही! हवा शिरली असेल तर लागोपाठ क्लीनिंग मारून उपयोग नाही, थांबावं लागतं. मॅन्युअलमध्ये आत कुठेतरी, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, लिहिलेलंही असतं: तीनदा करून फरक पडला नाही तर प्रिंटर बंद करा आणि किमान १२ तास तसाच ठेवा. तेवढ्यात बुडबुडे बसतात, सुकलेली शाई सैल होते. मला हेल्पलाइनवर काय सांगितलं? ‘‘मॅडम, अजून एकदा करून बघा. अजून एकदा. आता पॉवर क्लीनिंग करा.’’ पॉवर क्लीनिंग म्हणजे नळ्यांमधली सगळी शाई ओढून फेकायची. त्यासाठी टाकी निदान एक तृतीयांश भरलेली लागते, नाहीतर नळीत हवा जाऊन होतं ते आणखी बिघडतं. हे विचारलं का त्याने? टाकी किती आहे हे विचारायचीही तसदी घेतली नाही.

ती फेकलेली शाई जाते कुठे, हे माहीत आहे का? प्रिंटरच्या तळाशी स्पंजासारखं पॅड असतं, त्यात. किती शाई फेकली याचा हिशेब मशीन ठेवतं, आणि तो आकडा भरला की दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागतात आणि छपाई ठप्प. टाक्या भरलेल्या, हेड ठीक, कागद ठीक, पण मशीन बंद! काही मॉडेलांमध्ये या पॅडची पेटी घरच्या घरी बदलता येते, म्हणजे ते अशक्य नाही. पण आमच्यासारख्यांच्या मॉडेलमध्ये पॅड आत, स्क्रूच्या मागे. म्हणजे त्यांनीच सांगायचं क्लीनिंग करा, त्या क्लीनिंगने पॅड भरणार, आणि भरलं की त्यांच्याकडेच मशीन घेऊन जायचं, रिक्षाचं भाडं देऊन. बाजारातला माणूस म्हणतो, ‘‘रिसेट मारून देतो.’’ रिसेट मारला की आकडा शून्यावर येतो, पॅड मात्र तसंच चिंब राहतं. ते बदललं नाही तर काही महिन्यांनी टेबलावर काळी शाई पाझरते. हेही तो सांगत नाही. पैसे मोजून घेतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो.

शाई सुकते का, हेही आमच्या हवामानाकडे बघून कुणी बोलत नाही. आम्ही अकोल्यात राहतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. शाळा-कॉलेजला सुट्टी, प्रिंटर महिनाभर झाकून ठेवलेला. पाण्यावर बनलेली शाई त्या छिद्रांत सुकणार नाही तर काय होईल? आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहा, एवढं एक वाक्य विकताना सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आणि लाईट! हेड काम संपल्यावर उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, त्या टोपीमुळे नोझल उघडी राहत नाहीत. छापता छापता लाईट गेली की हेड मधल्यामध्ये उघडं पडतं. लाईट आल्यावर प्रिंटर चालू करून मग त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, म्हणजे हेड जागेवर जातं. भिंतीवरचं बटण आधी दाबायचं नाही. महाराष्ट्रात, जिथे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथे ही सूचना प्रिंटरच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेली हवी होती. पावसाळ्यात उलटं, कागद ओल धरतो, कडा वर उचलल्या जातात, हेड कागदाला घासतं आणि कडेला शाईचे फराटे उमटतात. तिथेही म्हणे क्लीनिंग! अहो, रिम पिशवीत गुंडाळून ठेवा, नवा कोरडा कागद घाला, झालं.

लेझरवाल्यांची वेगळी फरफट. माझा धाकटा भाऊ वकिली करतो, घरीच ऑफिस आहे, छोटा काळापांढरा लेझर प्रिंटर. त्याच्या पानांवर उभी काळी रेघ, वरपासून खालपर्यंत. लेझरमध्ये उभी रेघ म्हणजे कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेची. बहुतेकदा ड्रमवर, म्हणजे कागदावर पावडर उमटवणाऱ्या नळकांड्यावर, ओरखडा असतो किंवा ड्रम पुसणारं वायपर ब्लेड झिजलेलं असतं. उलट उभी पांढरी रेघ असेल तर टोनर, म्हणजे ती काळी पावडर, संपत आलाय, नाहीतर लेझरच्या काचेवर धूळ बसली आहे. आणि ठिपका ठराविक अंतराने परत परत येत असेल तर सरळ पट्टी घेऊन मोजा. छोट्या कार्ट्रिजमधला, म्हणजे टोनरच्या डब्यातला ड्रम साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचा एक फेरा होतो सुमारे ७५ मिलिमीटर. ठिपके तेवढ्या अंतरावर असतील तर डाग ड्रमवर आहे. दुसऱ्या अंतरावर असतील तर दुसरा रोलर बघा. काही कंपन्यांच्या ड्रमला हेच अंतर ९४ मिलिमीटर येतं. सातवीचं गणित आहे हे, परिघाचं! यासाठी व्हिजिट चार्ज?

त्याच्याकडे येणारा रिफिलवाला काय करायचा, तर कार्ट्रिजला पाडलेल्या भोकातून पावडर ओतायचा, टेप लावायचा, निघाला. वाया गेलेला टोनर ज्या कप्प्यात साठतो तो रिकामा करायचाच नाही. तो कप्पा तुडुंब भरला की पावडर बाहेर सांडते आणि पानभर काळे ओघळ. वर त्या गृहस्थाने कार्ट्रिज उघडून गॅलरीत उन्हात ठेवलं! तो ड्रम प्रकाशावर चालतो. त्याला ऊन लागलं की तो खराब होतो, हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल तर त्याने या धंद्यात पडूच नये. पुढचं ऐकायचंय? ‘‘साहेब, मशीन जुनी झाली.’’ मशीन जुनी झाली नव्हती. ड्रम आणि वायपर ब्लेड बदलल्यावर तीच मशीन आज स्वच्छ छापते. माझ्या भावाने अर्जाची तीन-तीन सेट रेघांसकट कोर्टात दिली, त्या दिवसांत त्याचा जो अपमान झाला त्याची भरपाई कोण करणार?

एक आणखी. प्रिंट स्वच्छ येते आणि झेरॉक्सवरच रेघ येते, तीही वरून कागद ओढून घेणाऱ्या फीडरमधून काढली तरच? तर मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची एक अरुंद काच असते, तिच्यावर व्हाइटनरचा कण किंवा धुळीचा डाग आहे. पुसा. एवढंच! यासाठी लोकांनी टोनर बदलले आहेत. माझ्या ओळखीच्या एका शाळेच्या ऑफिसात बदलला. हजारोंचा खर्च एका कणासाठी, कारण आलेल्या माणसाने काच पाहिलीच नाही.

आणि शेवटी सर्व्हिस सेंटरमध्ये आमच्या मशीनवर निकाल काय लागला? ‘‘हेड गेलं.’’ नव्या हेडचा जो आकडा सांगितला तो नव्या प्रिंटरच्या जवळ जाणारा. हेड गेलं हे कशावरून? नोझल चेक काढलात? रात्रभर ठेवून पाहिलंत? उत्तर नाही. धड चाललं असतं असं यंत्र भंगारात घाला आणि नवं घ्या, हाच सल्ला. देशात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, त्यांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगली गोष्ट. पण काउंटरवरच्या माणसाला विचारलं, पॅड विकत द्या, मी बदलते, तर तो म्हणतो, ‘‘ते कस्टमरला देत नाही.’’ का देत नाही? मशीन माझं आहे!

मी ते हेड बदललं नाही. प्रिंटर घरी आणला, बंद करून ठेवला, दुसऱ्या दिवशी नोझल चेक काढली. काळ्या रंगातली खिंडारं सरकत होती. हवा होती, हवा! एक साधं क्लीनिंग, परत थांबणं, परत नोझल चेक, आणि चारही रंग पूर्ण आले. ‘हेड गेलं’ म्हणणाऱ्याने या यंत्राकडे पाहिलं तरी होतं का?

मला फुकट काही नको आहे. विकताना खोक्यात एक पान द्या, मराठीत, रेघांच्या चित्रांसह: ही रेघ दिसली तर हे करा, ही दिसली तर क्लीनिंग अजिबात करू नका. पॅड आणि वायपर ब्लेडसारख्या वस्तू काउंटरवर किमतीसह विकायला ठेवा. फोनवर बसलेल्या मुलांना आधी रेघेचा फोटो मागायला शिकवा. आणि सर्व्हिसला मशीन घेतलं की माझ्यासमोर नोझल चेक काढा, देताना परत काढा, दोन्ही कागद जॉब शीटला जोडा. मग माझी सही मागा आणि मग बिल द्या. हे होत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे, आणि पुढच्या वेळी ‘हेड गेलं’ ऐकलं की मी तो काउंटरवर उभी राहूनच लावणार आहे.