यूपीएसची स्क्रिप्ट: ‘वीज गेली की शटडाउन’ एवढ्यावर भागत नाही

छोटा सर्व्हर, दुकानातलं बिलिंगचं मशीन किंवा घरचा नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवणारा डबा) चालवणाऱ्यांकडे एक सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो. त्याचा सारांश असा: यूपीएसची यूएसबी वायर लावा. दर मिनिटाला यूपीएसचा स्टेटस बघणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, टाका. वीज गेली की मशीन ताबडतोब बंद करा, किंवा थांबायचंच असेल तर यूपीएस जेवढी मिनिटं दाखवतो तेवढी थांबा. यूएसबी नसेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते नेटवर्कवरून विचारा. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू’ लावा. एकदा केलं की परत बघायला नको.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धंच खरं आहे, आणि डेटाबेस मोडतात ते राहिलेल्या अर्ध्यामुळे. म्हणून एकेक मुद्दा तपासू. उदाहरणं लिनक्सवरची आहेत आणि यूपीएसवर नजर ठेवून मशीन बंद करणाऱ्या दोन नेहमीच्या सॉफ्टवेअरची: नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे सगळे ‘नट’ म्हणतात ते, आणि एपीसी-यूपीएस-डी.

‘वीज गेली की ताबडतोब बंद करा’

वीज ‘जाते’ म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू. पावसाळ्यात फीडर ट्रिप होतो आणि दोन-तीन सेकंदांत परत लागतो. सोसायटीचा जनरेटर सुरू होताना व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी डळमळते, तेव्हा यूपीएस बॅटरीवर जाऊन परत मेन्सवर येतो, कधी कधी लागोपाठ चार-पाच वेळा. शिवाय बरेचसे यूपीएस स्वतःची चाचणी घेताना काही सेकंद मुद्दाम बॅटरीवर जातात. यातल्या प्रत्येक वेळी सर्व्हर बंद करत बसलात, तर यूपीएस घेतला कशासाठी?

म्हणूनच एपीसी-यूपीएस-डीमध्ये दोन वेगळे प्रसंग (इव्हेंट) आहेत. वीज गेल्याक्षणी ‘पॉवर-आउट’ येतो. ‘ऑन-बॅटरी’ त्यानंतर येतो, तोही वीज परत आली नसेल तरच. मधली वाट मुळात, म्हणजे सेटिंग बदललं नसेल तर, 6 सेकंदांची असते. स्क्रिप्ट ‘ऑन-बॅटरी’ला बांधायची, ‘पॉवर-आउट’ला नाही. नटमध्ये हेच काम यूपीएस-शेड हा त्याचा टायमरचा भाग करतो: बॅटरीवर गेल्यावर 30 सेकंदांचा टायमर सुरू करायचा, मेन्स आली की तो रद्द करायचा. रद्द करण्याची ओळ लिहायला लोक विसरतात. मग वीज आलेली असते आणि 30 सेकंदांनी मशीन तरीही बंद होतं.

बंद करण्याचा निर्णय बॅटरीच्या स्थितीवरून घ्यायचा असतो. वीज गेली, एवढ्यावर फक्त निरोप पाठवायचा, बॅकअपसारखी जड कामं थांबवायची आणि थांबायचं.

‘यूपीएस जेवढी मिनिटं दाखवतो तेवढी थांबा’

इथे गणित मांडूनच बघा. साध्या 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची एकच सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. कागदावर ती 84 वॉट-अवर. मशीन आणि मॉनिटर मिळून 150 वॉट घेत असतील आणि यूपीएसची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर बॅटरीतून जवळपास 188 वॉट ओढले जातात. भागाकार केला तर 27 मिनिटं येतात. प्रत्यक्षात नवीन बॅटरीवरही दहा-बारा मिनिटांच्या पुढे आशा धरू नका. कारण 7 अँपिअर-अवर हा आकडा 20 तासांत सावकाश, म्हणजे 0.35 अँपिअरने रिकामी करण्याचा आहे. इथे आपण 15-16 अँपिअर ओढतोय, आणि एवढ्या वेगाने लेड-ॲसिड बॅटरी आपली निम्मी क्षमताही देत नाही.

त्यात वय. या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं चालतात, आणि 25 अंशांच्या वर दर 10 अंश तापमानवाढीला आयुष्य जवळपास निम्मं होतं. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, विदर्भातल्या उन्हाळ्यात ठेवलेल्या यूपीएसचं काय होत असेल ते यावरून समजा. स्वस्त यूपीएसमधला मिनिटांचा आकडा हे वय धरतच नाही किंवा चुकीचं धरतो. तो 14 मिनिटं दाखवतो, मग 9, आणि तिथून थेट अंधार.

तेव्हा उंबरठा आपण ठरवायचा. पद्धत अशी: सगळ्या सेवा, व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेस चालू असताना, भर कामाच्या वेळी मशीन बंद करून घड्याळ लावा. सिस्टम-डी, म्हणजे लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम, न थांबणाऱ्या सेवेची मुळात 90 सेकंद वाट बघतो. लिबव्हर्टने चालवलेली व्हर्च्युअल (‘पाहुणी’) मशीन असतील तर त्यांच्यासाठीची मर्यादा मुळात 300 सेकंद आहे. समजा बंद व्हायला 90 सेकंद लागले. दुप्पट करा, 180. त्यात नट त्याच यूपीएसवरच्या इतर मशीनसाठी थांबतो ते 15 सेकंद, बंद करण्याआधीचे शेवटचे 5 आणि यूपीएसने आउटपुट तोडण्याआधीचे 20 मिळवा: 220 सेकंद. म्हणजे चार मिनिटं तर हिशेबातच गेली. एपीसी-यूपीएस-डीमध्ये ‘मिनिटं’ मुळात 3 आणि ‘बॅटरी टक्के’ 5 असतात. अशा मशीनला ते पुरत नाहीत. 6 मिनिटं आणि 40 टक्के ठेवा. यातलं जे आधी घडेल त्याला बंद होण्याची प्रक्रिया सुरू होते.

नटमध्ये ‘बॅटरी संपत आली’ हा इशारा मुळात यूपीएस स्वतः देतो, आणि लहान यूपीएस तो फार उशिरा देतो. यूपीएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इग्नोर-एलबी’ (एलबी म्हणजे लो बॅटरी) लिहून तो इशारा बाजूला ठेवता येतो. सोबत ओव्हरराइडच्या दोन ओळी घालून किमान चार्ज 40 आणि किमान वेळ 300 सेकंद करा, म्हणजे ड्रायव्हर तुमच्या आकड्यांवर चालेल.

‘क्रॉनमधली चार ओळींची स्क्रिप्ट पुरे’

सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो, कारण स्क्रिप्ट वाचताना बरोबर दिसते.

फॉरवर्डमधली स्क्रिप्ट स्टेटसची तुलना ‘ओबी’ (ऑन बॅटरी) या शब्दाशी करते: तंतोतंत ‘ओबी’ असेल तर बंद कर. पण नटचा स्टेटस हा शब्दांचा समूह असतो. बॅटरीवर गेल्यावर बहुधा ‘ओबी’च्या पुढे डिस्चार्जचा शब्द जोडून येतो, बॅटरी संपत आली की ‘ओबी एलबी’ येतं, बॅटरी बदलायला झाली असेल तर ‘आरबी’ही (रिप्लेस बॅटरी) चिकटतं. अशा वेळी तंतोतंत तुलना जुळत नाही, स्क्रिप्ट गप्प राहते. मोकळ्या जागांवर तोडून एकेक शब्द तपासायला हवा.

दुसरं म्हणजे अवतरणचिन्हं. मोबाइलवर आलेल्या मेसेजमधून कॉपी केलं की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. वळणदार चिन्हांना बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, साधी अक्षरं समजतो. त्यामुळे व्याकरणाची चूक दिसत नाही, तुलना मात्र कायम खोटी ठरते. विंडोजच्या नोटपॅडमधून फाइल आणली असेल तर ओळींच्या शेवटचं अदृश्य अक्षर पहिल्याच ओळीवर इंटरप्रिटर सापडू देत नाही.

तिसरं, क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी. तो साधारणपणे दोनच बिन फोल्डरांपुरता असतो आणि शटडाउनची कमांड एसबिनमध्ये राहते. टर्मिनलवर चालणारी ओळ क्रॉनमध्ये ‘कमांड सापडली नाही’ म्हणून पडते, आणि तो निरोप रूट या मुख्य ॲडमिन युजरच्या, कुणीच न उघडलेल्या मेलबॉक्सात जाऊन बसतो. कमांडचा पूर्ण पाथ लिहा.

आणि वायरच निघाली तर? यूपीएसशी संपर्क तुटला की स्टेटस रिकामा येतो आणि चार ओळींच्या स्क्रिप्टला त्याचा अर्थ लावता येत नाही. नटचा नजर ठेवणारा भाग, यूपीएस-मॉन, मात्र शेवटची स्थिती लक्षात ठेवतो. मेन्सवर असताना संपर्क गेला तर फक्त सूचना देतो. बॅटरीवर असताना गेला आणि ठरलेला वेळ, मुळात 15 सेकंद, उत्तर आलं नाही, तर तो वाईटात वाईट धरून मशीन बंद करतो. ही शहाणी वागणूक आयती मिळते आहे, ती सोडू नका.

स्वतःची स्क्रिप्ट लिहायला मनाई नाही, ती योग्य जागी जोडायची. एपीसी-यूपीएस-डी प्रत्येक प्रसंगाला ‘एपीसी-कंट्रोल’ ही स्क्रिप्ट चालवतो. त्याच फोल्डरात प्रसंगाच्या नावाची, चालवायची परवानगी दिलेली फाइल ठेवली की ती आधी चालते. ती 99 हा एक्झिट कोड देऊन संपली तर मूळ कृती रद्द होते, इतर कोड असेल तर तीही होते. म्हणजे निरोप पाठवायच्या स्क्रिप्टच्या शेवटी चुकून 99 राहिला तर निरोप जाईल, मशीन बंद होणार नाही.

नटमध्ये वेगळा सापळा आहे. निरोपाची कमांड यूपीएस-मॉन रूट म्हणून चालवत नाही, ‘नट’ या साध्या युजरच्या नावाने चालवतो. त्या स्क्रिप्टमध्ये थेट शटडाउन लिहिलं तर परवानगी नाही म्हणून ते फसतं. तिथून यूपीएस-मॉनलाच ‘एफएसडी’, म्हणजे सक्तीने बंद करण्याचा आदेश द्यायचा. यूपीएस-मॉन पुढचं करतो: जोडलेल्या इतर मशीनना आधी बंद व्हायला लावतो, त्यांची वाट बघतो आणि मग रूटचा हक्क असलेला त्याचा दुसरा भाग स्वतःचं मशीन बंद करतो. ही इतर मशीन नेटवर्कवरून ऐकत असतात, तेव्हा मधला स्विचही त्याच यूपीएसवर हवा. तो भिंतीच्या सॉकेटवर असेल तर आदेश पोचणारच नाही.

‘यूएसबी नसेल तर राउटरला पिंग करा’

नाइलाज असेल तर चालेल, पण एका पिंगवर नाही. राउटर अडकतो, अपडेट होतो, कुणीतरी वायर काढतं. थेट मेन्सवर असलेली दोन उपकरणं निवडा, शक्यतो वेगवेगळ्या सॉकेटवरची, आणि यूपीएसवरचं एक. यूपीएसवरचं उत्तर देतंय, मेन्सवरची दोन्ही सलग पाच वेळा देत नाहीत, तरच वीज गेली असं समजा. बॅटरीची स्थिती कळत नसल्याने ठरावीक दोन-तीन मिनिटांनी बंद करण्याला पर्याय नाही. शिवाय अशा यूपीएसला आउटपुट तोडायला सांगता येत नाही, त्यामुळे पुढच्या मुद्द्यातली अडचण कायम राहते. मेन्सवरच्या राउटरमध्ये ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरची लिनक्सवर आधारित सिस्टम) असेल तर तो चालू झाल्यावर वेक-ऑन-लॅनचा, म्हणजे नेटवर्कवरून मशीन चालू करण्याचा, संदेश पाठवून मशीन उठवू शकतो.

‘बायोसमध्ये सेटिंग लावलं की मशीन आपोआप उठेल’

वीज गेली, स्क्रिप्टने शटडाउन दिला, मशीन बंद व्हायला लागलं, आणि चाळिसाव्या सेकंदाला वीज आली. मशीन बंद होतं. पण यूपीएसचं आउटपुट या सगळ्यात एक क्षणही तुटलेलं नाही. बायोसच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, मग परत येणार कुठून? शनिवारी रात्री हे झालं तर सोमवारी सकाळी कुणी बटण दाबेपर्यंत सर्व्हर बंद.

उपाय असा की बंद होण्याच्या अगदी शेवटी यूपीएसला आउटपुट तोडायला सांगायचं आणि वीज असेल किंवा आली की परत द्यायला सांगायचं. नट त्यासाठी एक खूणफाइल बनवतो. फाइल सिस्टम केवळ वाचनापुरती झाल्यावर सिस्टम-डीच्या शटडाउन फोल्डरातली स्क्रिप्ट ती खूण बघते आणि ड्रायव्हरला यूपीएस तोडायला लावते. ही खूणफाइल डिस्कच्या मुख्य विभाजनावर (रूट पार्टिशनवर) हवी. वेगळं विभाजन त्या वेळेपर्यंत अनमाउंट झालेलं असतं. यूएसबी ड्रायव्हरमध्ये तोडण्याआधीचा विलंब मुळात 20 सेकंद आणि परत देण्याचा 30. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच ठेवा. आणि एकदा एफएसडी सुरू झाला की वीज आली म्हणून तो मध्येच थांबवायचा नसतो. नट थांबवतही नाही. अर्धवट बंद झालेल्या मशीनपेक्षा पूर्ण बंद होऊन उठलेलं बरं.

बायोसमध्ये तीन पर्याय दिसतात: बंद ठेवा, चालू करा, आधीच्या स्थितीत आणा. ‘आधीची स्थिती’ समजूतदार वाटते म्हणून निवडली जाते. पण मशीन नीट बंद झालं होतं, तेव्हा आधीची स्थिती ‘बंद’ हीच, आणि ते बंदच राहतं. ‘चालू करा’ निवडा.

विंडोजवर हा पसारा कमी आहे. यूएसबीवर एचआयडी (कीबोर्ड-माउस वापरतात ती प्रमाणित भाषा) बोलणारा यूपीएस तिथे लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो. पॉवर ऑप्शन्समध्ये क्रिटिकल पातळी 30-40 टक्के आणि कृती हायबरनेट ठेवा. टॅली उघडी असली तरी स्थिती डिस्कवर जाते.

‘एकदा केलं की परत बघायला नको’

पहिली चाचणी मशीनची पॉवर वायर यूपीएसला न जोडता घ्या, यूएसबी तेवढी लावलेली ठेवा. यूपीएसवर 100 वॉटचा जुना बल्ब लावा, शटडाउन कमांडच्या जागी फक्त लॉगमध्ये ओळ लिहिणारी कमांड ठेवा आणि बोर्डावरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. लॉगमधल्या वेळा तुमच्या आकड्यांशी जुळतात का बघा. नंतर खरी कमांड परत लावा, मशीन जोडा, वीज चालू असतानाच एफएसडी द्या: मशीन बंद झालं पाहिजे, यूपीएसचं आउटपुट गेलं पाहिजे, परत आलं पाहिजे आणि मशीन आपणहून उठलं पाहिजे. चारपैकी एक जरी झालं नाही तरी खरी वीज जाईल तेव्हाही ते होणार नाही. हे दर सहा महिन्यांनी, आणि बॅटरी बदलल्यावर न चुकता.

राहिला प्रश्न दुसऱ्यांदा वीज जाण्याचा. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला लहान यूपीएसला सहा-आठ तास लागतात. संध्याकाळी वीज आली, मशीन उठलं आणि अर्ध्या तासात परत गेली, तर या खेपेला नीट बंद होण्यापुरताही चार्ज नसेल. तुमच्या यूपीएसला ‘इतका चार्ज झाल्यावरच आउटपुट द्या’ असं सेटिंग असेल तर ते 50 टक्क्यांवर ठेवा. नसेल तर बूट होताना चार्ज तपासणारी छोटी स्क्रिप्ट डेटाबेसच्या सेवेआधी लावा: 50 टक्क्यांखाली असेल तर मशीन चालू राहील, डेटाबेस थांबलेला राहील, दर मिनिटाला पुन्हा तपासणी होईल. यूपीएस चार्ज सांगतच नसेल, तर तपासणीच्या जागी दोन तासांचा साधा विलंब घाला.