सूज उतरवायची घाई: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नौपाड्यातून तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की 'जखमेभोवती सूज आली म्हणून लगेच घाबरू नका' असं लिहून मी लोकांना घरी बसवते आहे. तुमच्या मते सूज म्हणजे बिघाडच, ती गोळी घेऊन उतरवावी आणि जखम उघडी ठेवून वाळवावी.

मी तुर्भ्याला एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. एपीएमसी मार्केटमधले माथाडी, एमआयडीसीतले कामगार, रोज कुणाचं तरी बोट नाहीतर पाय माझ्यासमोर असतो. ताज्या जखमेभोवती थोडीही लाली-सूज दिसली नाही, तर उलट मीच जरा थबकते.

पत्र्याने बोट कापलं की आधी रक्त गोठतं. लगोलग तिथल्या मास्ट पेशी (कातडीतल्या पहारेकरी पेशी) हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. लाली, ऊब, सूज येते ती यातूनच. त्याच सैल भिंतींमधून काही तासांत पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतू गिळायला लागतात. 1882 साली मेचनिकोव या रशियन शास्त्रज्ञाने इटलीत, सिसिलीतल्या मेसिनामध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! त्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात, तरी पेशी धावून आल्या. 1908 चं नोबेल त्यांना पेशींच्या याच अभ्यासासाठी मिळालं, आणि ही हकीकत मला अजूनही थक्क करते.

दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज नावाच्या पेशींचा जोर वाढतो. त्या मेलेला कचरा साफ करतात आणि त्यांच्याच इशाऱ्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, तयार व्हायला लागतं. सूज आधी संपवू, मग जखम भरेल, असं शरीरात होत नाही. आठवड्याभराने पट्टी काढली की तळाशी लालबुंद, दाणेदार, ओलसर मांस दिसतं. जरा बोळा लागला तरी रक्त येतं. घरचे घाबरतात, आणि मला मात्र हायसं वाटतं, कारण त्याच त्या नव्या रक्तवाहिन्या असतात, जखम भरते आहे.

दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घ्या. ती प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन तयार होणं रोखते, म्हणून ठणका कमी होतो. माझा आक्षेप आहे तो मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने स्टेरॉइड आणण्याला. त्याने सूज झपाट्याने उतरते आणि जखम भरायची रखडते.

वाळवण्याबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धरते. खपली घट्ट धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. कोरडी चिकटलेली गॉज कुणी खसकन ओढतं तेव्हा तिच्याबरोबर ही नवी, पातळ कातडीही निघून येते. सलाइनने भिजवून थोडं थांबलं तर ती वाचते.

तुमची भीती एका बाबतीत रास्त आहे. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ओसरायला हवी. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. लाली रेघेच्या बाहेर सरकली, ताप आला, पू किंवा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गंजलेलं काही लागलं असो वा नसो, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारा.

आता तुमची शेवटची ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात: 'आईला शुगर आहे, टाचेला जखम कित्येक आठवडे आहे, पण सूज नाही, दुखतही नाही.' काका, हीच काळजीची गोष्ट आहे. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो, पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणून आत जंतू पसरले तरी वर लाली कमी दिसते आणि ठणका लागतच नाही. उद्याच त्यांना सर्जनकडे न्या. पायातली नाडी तपासायला सांगा, हाडापर्यंत जंतू पोचलेत का ते बघायला एक्स-रे लागेल का हे विचारा, शुगरचे रिपोर्ट बरोबर ठेवा. तोवर टाचेवर भार देऊ नका, गरम पाण्यात पाय बुडवू नका. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा, मी वाट बघते.