कल्पना चावलांनी उपग्रह ‘घालवला’? जरा थांबा

एक ढकलपत्र अधूनमधून डोकं वर काढतं. त्याचा सारांश असा: 1997च्या पहिल्याच फेरीत कल्पना चावलांच्या चुकीमुळे उपग्रह अवकाशात हरवला, मोहीम पाण्यात गेली आणि तरी ‘भारतीय चेहरा’ हवा म्हणून नासाने त्यांना पुन्हा पाठवलं. शिवाय ‘गुरुत्वाकर्षण नसतं तिथे कसले प्रयोग?’ अशी शेवटी टपली.

आधी ‘चूक’. कोलंबिया यान 19 नोव्हेंबर 1997 रोजी उडालं. 21 तारखेला चावलांनी यांत्रिक हाताने स्पार्टन हा सूर्याच्या प्रभामंडळाचा अभ्यास करणारा उपग्रह बाहेर सोडला. सुटल्यावर काही मिनिटांत त्याने स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, म्हणजे त्याची दिशा-नियंत्रण यंत्रणा चालू असल्याचं कळतं. गिरकी झाली नाही. ती यंत्रणा जागी करणारी आज्ञा लागूच झालेली नव्हती. म्हणजे बिघाड धक्का लागण्याआधीचा. चावला त्याला परत धरायला गेल्या, पकड पक्की झाल्याचा संकेत मिळेना, यांत्रिक हात मागे घेताना धक्का लागला आणि उपग्रह संथपणे फिरू लागला. धक्का त्यांच्या हातून लागला, हे खरंच आहे. ते लपवायचं कारण नाही. पण पुढे काही महिने चाललेल्या तपासणीत सॉफ्टवेअरची मांडणी आणि अंतराळवीर व जमिनीवरचं नियंत्रण कक्ष यांच्यासाठी ठरवलेल्या कार्यपद्धती यांतले दोष पुढे आले. चावलांवरचा ठपका पुसला गेला. ढकलपत्र नेमकं याच्या अलीकडे थांबतं.

‘हरवला’ हे तर धादांत खोटं. 24 नोव्हेंबरला चावलांचे सहकारी अंतराळवीर विन्स्टन स्कॉट आणि जपानचे ताकाओ दोई यानाबाहेर आले. कमांडर क्रेगेल आणि वैमानिक लिंडसी यांनी यान अलगद जवळ नेलं, आणि सव्वा टनाहून जड असा तो फिरता उपग्रह दोघांनी अक्षरशः हातांनी धरला. साडेसात तासांहून अधिक वेळ ते बाहेर होते. बाहेर जाणं आधीपासूनच ठरलेलं होतं; अवकाश स्थानकाच्या बांधणीसाठीची क्रेन तपासायची होती. स्पार्टनची त्या वेळची सूर्यनिरीक्षणं मात्र बुडाली, तेवढं नुकसान झालं.

मोहीम पाण्यात? सामानकक्षात सूक्ष्मगुरुत्वाचे, म्हणजे वजन जवळजवळ जाणवत नाही अशा स्थितीतले, प्रयोग आपल्या गतीने चालू होते. वितळलेला पदार्थ गोठताना झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक कसे वाढतात, अतिथंड हेलियम अगदी अरुंद जागेत कसा वागतो, वगैरे. युक्रेनचे लिओनिद कादेन्युक रोपांचं परागीकरण करत होते. राहिला टपलीचा मुद्दा. त्या उंचीवर, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरवर, गुरुत्वाकर्षण जमिनीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. यान आणि आतलं सगळं सतत एकत्र पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. जमिनीवर गरम द्रव वर चढतो, गार खाली बसतो, आणि त्या हालचालीत स्फटिकाची वाढ गढूळते. ती हालचाल बाजूला काढायलाच तर एवढा खटाटोप.

आता ‘तरी पुन्हा पाठवलं’. त्याच फेरीचे कमांडर केव्हिन क्रेगेल 2000 साली पुन्हा उडाले. स्पार्टनही 1998च्या ऑक्टोबरअखेर, पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या गाजलेल्या फेरीत, परत वर गेला. या खेपेला त्याने सूर्य टिपला आणि ठरल्याप्रमाणे यानात परतला. त्या यानाचे वैमानिक होते स्टीव्हन लिंडसी, 1997च्या फेरीतलेच. त्यांना कोणत्या ‘चेहऱ्या’साठी पाठवलं होतं, हे ढकलपत्रवाल्यांनी सांगावं.