तीस बाय साठ? पट्टी घ्या आणि मोजा

आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभरात तो मेसेज चार वेळा आला. "टेलिस्कोपवर हजारो रुपये उधळू नका! फक्त ५९९ रुपयांत खिशात मावणारी ३०×६० पॉवरफुल दुर्बीण. नाईट व्हिजन लेन्स. शनीची कडी आणि आकाशगंगा घरच्या गच्चीवरून! गॉगल लावून सूर्यग्रहणही बघा. मुलांच्या ज्ञानासाठी शेअर करा." तीन वेळा मी काणाडोळा केला. चौथ्या खेपेला साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. ताईने दिवाळीत त्याला हीच दोन नळ्यांची दुर्बीण (बायनॉक्युलर) घेऊन दिली होती. पाच-सहा रात्री गच्चीवर कुडकुडून झाल्यावर तो मला विचारत होता, "मामा, शनीची कडी मला दिसतच नाहीत. माझा नंबर वाढलाय का?"

दहा वर्षांचं पोर स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतंय म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी गॉगलचं बोलू, कारण बाकीच्या थापांत फार तर सहाशे रुपये जातात. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही. गॉगल घालून नाही, एक्स-रेची फिल्म धरून नाही आणि ग्रहणाचा खास चष्मा घालूनही नाही. हे शेवटचं भल्याभल्यांना ठाऊक नसतं. नासाच्या ग्रहणाबद्दलच्या सूचनांत ते सरळ लिहिलेलं आहे: ग्रहणाचा चष्मा घातलेला असताना कॅमेरा, दुर्बीण किंवा टेलिस्कोपमधून सूर्य पाहू नका, एकवटलेले किरण चष्म्याचा फिल्टर जाळून डोळ्याला गंभीर इजा करतील. हिशेब शाळेतला आहे. आठपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत पुढच्या भिंगावर पडलेलं ऊन मागच्या बाजूने आठपट बारीक झोत होऊन बाहेर येतं. व्यास आठपट कमी, म्हणजे क्षेत्रफळ चौसष्टपट कमी, म्हणजे तेवढ्याशा ठिपक्यात ऊन जवळजवळ चौसष्टपट. चष्म्याची फिल्म साध्या उन्हासाठी बनवलेली असते, या झोतासाठी नाही. सौर फिल्टर लावायचाच तर तो दुर्बिणीच्या पुढच्या दोन्ही भिंगांवर, सूर्याच्या बाजूला घट्ट बसवायचा असतो. डोळ्याच्या बाजूला नव्हे.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. खग्रासचा पट्टा स्पेन आणि उत्तर आफ्रिकेवरून जातो, आपल्याकडे पश्चिम भारतात ते खंडग्रास दिसेल. तोवर हा मेसेज किती घरांत पोचलेला असेल? आत्या, तू हे वाचत असशील तर ग्रुपवर त्याच्या खाली एक ओळ लिही की हे खोटं आहे. फॉरवर्ड करताना जेवढा वेळ लागला तेवढाच लागेल.

आता ते ३०×६०. दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे ती किती पट मोठं दाखवते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भाच्याला म्हटलं, कंपासपेटीतली पट्टी आण आणि पुढचं भिंग मोज. खुडबुड ऐकू आली. "मामा, दोन सेंटिमीटर आणि एक रेघ." म्हणजे एकवीस मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याएवढं. साठ मिलिमीटरचं भिंग कटिंग चहाच्या ग्लासाच्या तोंडाएवढं भरतं. तसली दोन शेजारी शेजारी ठेवली तर शर्टाच्याच काय, पँटच्याही खिशात जायची नाहीत. मेसेज एकाच वाक्यात 'खिशात मावणारी' आणि '६०' म्हणतो, आणि कुणालाही खटकत नाही!

तीसचा आकडा तर त्याहून मजेशीर. त्याच दुर्बिणीच्या अंगावर आणखी एक ओळ छापलेली असते. भाच्याने ती वाचून दाखवली: १२६ मी./१००० मी. म्हणजे हजार मीटरवरचा १२६ मीटर रुंद पट्टा एका नजरेत दिसतो. कोनात सांगायचं तर साधारण ७.२ अंश. आता हे खरोखर तीसपट मोठं होत असेल तर डोळ्यासमोर २१६ अंशांचं दृश्य यायला हवं. समोर बघताना स्वतःच्या कानामागचंही दिसेल! ७.२ ला आठाने गुणा. साडेसत्तावन्न अंश येतात, डोळ्याकडच्या कुठल्याही साध्या भिंगातून (आयपीस) दिसतात तेवढे. म्हणजे दुर्बीण ८×२१ ची आहे, आणि ते तिच्याच अंगावर लिहिलेलं आहे, फक्त लहान अक्षरांत. समजा ती खरंच तीसपट असती, तरी हातात धरून काय दिसलं असतं? दहापटीच्या पुढे हाताची थरथरसुद्धा मोठी होते. तारा नाचायला लागतो.

तर आठपटीत शनी. गॅलिलिओने १६१० मध्ये साधारण वीसपट मोठं दाखवणाऱ्या टेलिस्कोपमधून शनी पाहिला, तेव्हा त्याला वाटलं की एका मोठ्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान गोळे चिकटलेत. दोन वर्षांनी ते दोघे दिसेनासे झाले आणि तो चक्रावला. ते कडं आहे हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये छापून सांगितलं. गॅलिलिओला वीसपटीत जे उलगडलं नाही ते साताऱ्याच्या गच्चीवरून आठपटीत दिसणार होतं. त्यात मार्च २०२५ मध्ये ती कडी नेमकी कडेने आपल्याकडे वळली. त्याच वर्षीच्या दिवाळीत ती सुरीच्या पात्यासारखी आडवी होती, चांगल्या टेलिस्कोपमध्येसुद्धा नुसती रेघ. पोराच्या नंबरचा काही दोष नव्हता.

'नाईट व्हिजन' म्हणजे भिंगावरचं ते लालभडक कोटिंग. भिंग लाल दिसतं कारण ते लाल प्रकाश बाहेर परतवतं. म्हणजे रात्री, जेव्हा प्रकाशाचा कणन् कण हवा असतो, तेव्हा हे त्यातला काही भाग परत पाठवतं. आकाशगंगा बघायला दुर्बीण लागतच नाही, अंधार लागतो.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. "टेलिस्कोपवर हजारो रुपये उधळू नका" हे मेसेजचं पहिलं वाक्य, निदान सुरुवातीला तरी, बरोबर आहे. आकाश शिकायला दुर्बीणच बरी. आणि ही सहाशेवालीही अगदीच निरुपयोगी नाही. सप्तमी-अष्टमीचा चंद्र तिच्यातून पाहिला तर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं दिसतात. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारका दिसतात, तिथे दोन-तीन डझन दिसतात. कोपर भिंतीवर टेकवून श्वास रोखला तर गुरूचे एक-दोन चंद्रही सापडतात. फक्त घेताना एक बघा: दूरच्या दिव्याकडे रोखल्यावर एकाचे दोन दिवे दिसले तर दोन्ही नळ्या सरळ रेषेत नाहीत. तसली दुर्बीण परत करा, नाहीतर दहा मिनिटांत डोकं धरतं.

पण ताऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम विकत घ्यावी का? मी म्हणेन, नाही. ट्रेकला, पाखरं बघायला ठीक आहे. आकाशासाठी भिंगाचं क्षेत्रफळ मोजायचं असतं. पन्नास मिलिमीटरचं भिंग एकवीसच्या साडेपाचपटीहून जास्त प्रकाश गोळा करतं. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानीची दीर्घिका बघताना हाच फरक कळतो. ७×३५ किंवा १०×५० ला काही हजार रुपये पडतात, हे खरं. तेवढे आत्ता नसतील तर थांबा आणि आधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघा. पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन घेतं. तिथे एक रात्र काढलीत तर काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवाल.

भाच्याला मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसायला सांगितलं आणि कृत्तिका मोजायला लावल्या. काल त्याचा फोन आला. तेवीस मोजल्या म्हणाला, वहीत टिंबं काढून. मी विचारलं, आणि शनी?

"तो ठिपकाच आहे, मामा."