उष्टं पुस्तक

माझ्या टेबलावर आत्ता एक रंगवायचं पुस्तक पडलंय. पानं ३२, किंमत ३२० रुपये, आणि त्यातलं पान १७ एका निवृत्त ड्रॉइंग सरांनी चाटलेलं आहे. माझ्या देखत. भर अप्पा बळवंत चौकात, जूनमधल्या शनिवारी संध्याकाळी, अर्धी सदाशिव पेठ साक्षीला असताना.

मागची गोष्ट थोडक्यात. रात्री फोन चाळत पडण्यापेक्षा बरं म्हणून मी रंगवायला लागले. वय ५१. पहिलं पुस्तक घरबसल्या मागवलं. ते दोन्ही बाजूंनी छापलेलं निघालं आणि कागद असा की खालचा हात दिसावा. स्केचपेननं एक कमळ रंगवलं, पान उलटलं, तर मागच्या मोराला गोवर. तेव्हा ठरवलं, पुढचं पुस्तक कागदाला हात लावल्याशिवाय घ्यायचं नाही. हात लावणं एवढंच माझ्या मनात होतं, जिभेचा विचार नव्हता.

मोठ्यांनी रंगवण्याचं खूळ जगात येऊन जुनं झालं. २०१३ मध्ये एका स्कॉटिश चित्रकर्तीचं बागेच्या चित्रांचं पुस्तक आलं आणि २०१५ पर्यंत अशी पुस्तकं खपाच्या याद्यांत कादंबऱ्यांना कोपरानं ढकलून बसली. त्याआधी, २००५ मध्ये, अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. काहींना मंडला, म्हणजे गोलातली नक्षी, रंगवायला दिला, काहींना चौकटींची नक्षी, काहींना नुसता कोरा कागद. आखून दिलेलं रंगवणाऱ्यांची धाकधूक कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. हा प्रयोग मला तोंडपाठ आहे, कारण गेल्या चार महिन्यांत तो मी नवरा, नणंद, कामाच्या मावशी आणि ऑफिसातल्या शिपायाला मिळून सात वेळा सांगितलाय. शिपाई म्हणाला, "मॅडम, कोरा कागद बघून मला पण धाकधूक होते. विशेषतः सही करायची असली की." एवढ्या जणांत त्याला एकट्यालाच तो समजला.

असो. तर जूनमधला शनिवार. या दिवशी अप्पा बळवंत चौकात शाळकरी पोरांच्या आईबापांखेरीज कुणी जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. प्रत्येकाच्या हातात शाळेनं दिलेली यादी. दोनशे पानी सहा, शंभर पानी चार, तपकिरी कव्हरं, लेबलं. दुकानात आत जायची सोय नाही. फळीच्या बाहेर, निम्मं रस्त्यावर उभं राहून ओरडायचं. मालक ते वर पोटमाळ्यावरच्या पोऱ्याला ओरडून सांगतात आणि पोऱ्या माल वरून टाकतो. मालक झेलतात. बहुतेक वेळा.

"रंगवायचं पुस्तक दाखवा."

"कितवीत आहे?"

"कोण?"

"मुलगा, मुलगी, जे असेल ते."

"मला हवंय."

"हो, पण कितवीत?"

"मी बँकेत आहे."

मालकांनी पहिल्यांदा मान वर केली. मी घाईघाईनं म्हणाले, "अ‍ॅडल्ट कलरिंग बुक." या शब्दावरून तुम्हाला आता जो विनोद सुचला, तो माझ्या मागच्या कॉलेजच्या दोन पोरांना आधीच सुचला होता, तेव्हा तो राहू दे. शेजारच्या यादीवाल्या बाईंनी मात्र माझ्या दंडावर हात ठेवला. "ताई, टेन्शन आहे का हो काही? माझ्या जावेलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. आता गोळ्यांवर बरी आहे."

मला टेन्शन नव्हतं. तोपर्यंत तरी.

पुस्तक वरून आलं, झेललं गेलं, फळीवर पडलं. मी अंगठा आणि तर्जनीत पान धरून चोळलं. जाड वाटलं. एकाच बाजूला छापलेलं, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. विचारलं, "किती जीएसएम?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे किती? दीडशे?"

"बाई, रंगवायचं आहे की वजन करायचंय?"

आणि इथे, माझ्या डाव्या खांद्यावरून, निथळत्या छत्रीसह एक आवाज आला. "जीएसएम म्हणजे वजनच असतं, मालक. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बाई बरोबर विचारतायत."

सत्तरीपुढचे गृहस्थ. पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात एक पेन आणि दोन पेन्सिली, टोकं वर. छत्रीचं पाणी त्यांच्या पायावर पडू नये म्हणून त्यांनी ती माझ्या पायावर धरली होती. "मी ए. टी. डी.," ते म्हणाले. ए. टी. डी. म्हणजे ड्रॉइंग शिक्षकाची पदविका, पण म्हणाले असं, जसं कुणी म्हणावं, मी पोलीस. "३१ वर्षं शाळेत होतो. इकडे द्या."

मी दिलं. का दिलं, हे मी आजवर स्वतःला विचारते आहे. ड्रॉइंगच्या सरांनी हात पुढे केला की वही द्यायची, हे आठवीत जे शरीरात बसलं ते निघालेलं नाही.

सरांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. कानाजवळ नेऊन पान फडफडवलं. "आवाज बरा आहे." मग नखानं कडेला ओरखडा काढला. "झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशीचा असतो. हा दीडशेच्या आसपास. पेन्सिलीला ठीक. पण तुम्ही ओलं काही वापरणार असाल तर कागदाला खळ किती दिलीय ते बघावं लागतं. खळ नसेल तर कागद पाणी पितो." मालक म्हणाले, "सर, गर्दी आहे." सर म्हणाले, "असू दे." आणि पुस्तक आपसूक जिथे उघडतं तिथे, म्हणजे बरोबर मधोमध, पान १७ वर, हत्तीच्या कानाशी, त्यांनी जीभ लावली.

नुसती टेकवली नाही. लावली. मग अंगठ्यानं ती जागा चोळली, डोळे बारीक करून शाळेतल्यासारखे दहा आकडे मोजले आणि जाहीर केलं, "बरी आहे खळ. घ्या."

फळीपुढे शांतता. एक पोरगं आईला म्हणालं, "आई, आजोबांनी पुस्तक खाल्लं."

मला जरा नंतर कळलं की ही जलरंगवाल्यांची जुनी युक्ती आहे. कागद जीभेला चिकटला तर शोषतोय, नाही चिकटला तर खळ चांगली. शास्त्र पक्कं आहे, मान्य. पण ज्या घरात आजीनं एका ताटातला चमचा दुसऱ्या ताटात गेला म्हणून आख्खी आमटी ओतून दिली, त्या घरातली मी. मी मालकांना म्हणाले, "दुसरी प्रत द्या."

"एकच होती."

"मग राहू दे."

"राहू दे कसं? आता हे कोण घेणार?"

"मी चाटलं का?"

"तुमच्यासाठीच चाटलं ना?"

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मी गिऱ्हाईक नाही हो. पाऊस थांबेपर्यंत उभा आहे."

पुण्यात दुकानदाराशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मी पैसे काढले. पाऊस थांबला नव्हता, त्यामुळे सरही थांबले होते. रंगांचा विषय निघाला, आणि तो मीच काढला, हे कबूल करायला हवं.

"कशानं रंगवणार?"

"स्केचपेन..."

"छ्या! स्पिरीटचे मार्कर आणि स्केचपेन यांच्या भानगडीत पडू नका. पेन्सिली घ्या. पेन्सिलीत दोन जाती. एक मेणाची, एक तेलाची. मेणाची मऊ, रंग भरभरून देते, पण थरावर थर चढवले की चार दिवसांनी वर पांढुरकी साय धरते. सुती फडक्यानं हलकेच पुसायची. तेलाची कडक, टोक टिकतं, साय नाही. पण किंमत विचारू नका." मी विचारली. परदेशी, १२० रंगांचा डबा. मालकांनी आकडा सांगितला आणि यादीवाल्या बाईंनी दुसऱ्यांदा माझ्या दंडावर हात ठेवला.

"चोवीसचा घ्या," सर म्हणाले. "दोन रंग एकमेकांवर घासले की तिसरा होतो, हे देवानं फुकट दिलंय." मग देशी रंगांवरून गाडी कॅमलिनच्या दांडेकरांवर गेली. त्यांनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा छाप घोड्याची होती, उंट मागून आला, हे सर मला, मालकांना आणि तपकिरी कव्हरांसाठी खोळंबलेल्या किमान अकरा पालकांना सांगत होते. एका बाबांनी रागानं हॉर्न वाजवला. ते स्कूटरवर नव्हते. हेल्मेट काखेत धरून तोंडानंच वाजवला.

मग सरांनी तो प्रश्न विचारला. "एलिमेंटरी दिली होती का?"

"दिली होती."

"श्रेणी?"

कुणाच्याही आयुष्यात ३७ वर्षांनी हा प्रश्न परत येऊ नये. वस्तुचित्रात माझ्या तांब्याला दोन तोंडं झाली होती. स्मरणचित्रात पावसाळ्यातली बसस्टॉपवरची गर्दी होती, त्यात सगळ्यांनी छत्र्या तोंडासमोर धरल्या होत्या, कारण मला तोंडं येत नव्हती. "क," मी म्हणाले.

"हं," सर म्हणाले. त्या 'हं'मध्ये सगळं आलं. "म्हणून दुसऱ्यानं काढलेलं रंगवताय. रेघ त्याची, रंग तुमचा. मग चित्र कुणाचं?"

"साडी विणकराची असते, नेसते मी. नेसू नको का?"

हे मला तिथल्या तिथे सुचलं, याचा मला आजही अभिमान आहे. एरवी माझी उत्तरं लकडी पूल ओलांडल्यावर येतात.

साडीवरून आठवलं. पेन्सिलींच्या डब्यावर रंगांना नंबर असतात किंवा इंग्रजी नावं, त्यातलं बर्न्ट सिएन्ना वाचून मला भाजलेल्या पोळीखेरीज काही दिसत नाही. लक्ष्मी रोडवर मात्र मी "आमसुलीपेक्षा एक पायरी उतरता" म्हणाले की माणूस बरोबर तोच गठ्ठा ओढतो. चिंतामणी, मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, डाळिंबी, मोतिया. आमच्याकडे १२० काय, दोनशे रंगांचा डबा तोंडात तयार आहे. कागदावर आलं की आम्ही लाल, हिरवा, निळा.

आणि खरं सांगायचं तर राग जिभेचा नाहीच. तो 'कितवीत आहे'चा आहे. मी दर दिवाळीत दारात बसून ठिपक्यांची रांगोळी काढते, एकोणीस ते दहा, पुस्तकात बघून, म्हणजे दुसऱ्याचीच रेघ, आणि दोन तास रंग भरते. तेव्हा मला कुणी विचारत नाही की टेन्शन आहे का. उलट शेजारी फोटो काढतात. कारण ती दारात असते, पाहुण्यांसाठी असते, सणाची असते. तेच मी रात्री साडेदहाला, ओटा आवरून, दिवा लावून, कुणालाही न दाखवता केलं की लगेच कारण पाहिजे. परीक्षा, पोर, नाहीतर आजार. नवरा रोज त्याच वेळी मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडतो. त्याला आजवर एकानंही विचारलेलं नाही की तुम्ही कितवीत.

तर पेन्सिली. चोवीसचा डबा पोऱ्यानं वरून टाकला आणि मालकांचं लक्ष त्या हॉर्नवाल्या बाबांकडे होतं. झेल सुटला. डबा फळीच्या कडेवर आपटून खाली. "काही होत नाही," मालक म्हणाले, "पत्र्याचा आहे." डब्याला काही झालं नाही, हे खरं. आतल्या पेन्सिलींची शिसं जागोजाग तुटली, आणि ते बाहेरून दिसत नाही. टोक काढायला घेतलं की छान टोक येतं, कागदाला लावलं की गळतं. पुन्हा काढा, पुन्हा गळतं. कंपनीचं नाव घेत नाही, चूक झेलाची आहे. माझी जांभळी आता करंगळीएवढी उरलीय आणि तिनं आजवर एक द्राक्ष रंगवलंय.

पुस्तक संपत आलंय, १७ सोडून. फाडून टाकावं असं दहादा वाटलं, पण मधल्या जोडपानाला पिना मारलेल्या आहेत. १७ ओढलं की १५ पण सुटतं, आणि १५ वर माझा मोर आहे, आयुष्यात पहिल्यांदा 'अ' श्रेणीचा.

परवा शेजारचा चिनू आला. दुसरीत आहे, म्हणजे याला विचारलेलं चालतं.

"काकू, हत्ती का सोडलास?"

"तो उष्टा आहे."

त्यानं हत्तीकडे नीट बघितलं. "मग मी करू?" आणि उत्तराची वाट न बघता दप्तरातून हिरवं स्केचपेन काढलं. कान, सोंड, पोट, सगळं पोपटी. मी काही बोलले नाही. तो गेल्यावर पान उलटून उजेडात धरलं. सोंड उतरली नव्हती, पोट उतरलं नव्हतं. एवढं रगडूनही मागे पांढरं स्वच्छ. फक्त कानाशी एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढा, गोल हिरवा डाग.