पाच तासांची झोप आणि नऊ तासांची झोप

झोपेचा आणि पोटाच्या कर्करोगाचा काही संबंध आहे का, यावर रविवारी सकाळी टिळक रस्त्यालगतच्या आमच्या कट्ट्यावर वाद सुरू केला तो सुहासने. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारा सुहास गेली आठ वर्षे पहाटे चारला झोपतो आणि मुलीला शाळेत सोडण्यासाठी साडेआठला उठतो. त्याचे म्हणणे असे की, आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग तंबाखू, मद्य आणि खाण्यापिण्यामुळे होतो. त्यात झोपेला ओढणे म्हणजे लोकांना उगाच घाबरवणे.

अनघा पॅथॉलॉजिस्ट आहे. तिने २००३ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी परिचारिकांचा अभ्यास सांगितला. महिन्यातून किमान तीन रात्रपाळ्या पंधरा किंवा अधिक वर्षे केलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळला होता. २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले, हेही तिने सांगितले.

“पस्तीस टक्के कशाच्या?” सांख्यिकी शिकवणाऱ्या शिरीषने विचारले. मुळातला धोका लहान असेल, तर त्याच्या पस्तीस टक्के म्हणजे फार मोठी संख्या नव्हे. शिवाय अशा बहुतेक पाहण्यांत झोप मोजलेली नसते, माणसाने सांगितलेली असते. वामकुक्षी त्यात धरली की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. रात्री जागणारा माणूस अवेळी खातो, कमी चालतो आणि त्याचे वजन वाढते, तेव्हा दोष वजनाचा मानावा, झोपेचा नव्हे, असा त्याचा मुद्दा होता.

येथे अनघाने जे उत्तर दिले, ते मला त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणजे वजन हा झोप आणि रोग यांच्यामधला दुवा असू शकतो, आणि मधला दुवाच हिशेबातून वजा केला तर झोपेचा वाटा कमी दिसणारच. शिरीषने थोडा विचार करून हे मान्य केले.

“मग जास्त झोपावे, एवढेच ना?” सुहास म्हणाला. तेही सरळ नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात पाच तासांपर्यंत झोपणाऱ्यांप्रमाणेच नऊ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांतही आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. मात्र जास्त झोप हे कारण नसून परिणामही असू शकतो, असे अनघा म्हणाली. आतड्यातल्या गाठीतून नकळत रक्त जात राहिले, तर शरीरातले लोह घटते, थकवा येतो आणि माणूस झोपू लागतो.

मी सहज म्हणालो की, दिवाळीपासून बाबा दुपारीही दोन-तीन तास झोपतात आणि त्यांना विश्रांती मिळते म्हणून आम्हाला बरे वाटत होते. अनघाने कप खाली ठेवून विचारले, “त्यांचे हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले? शौचाचा रंग काळपट असतो का? वजन उतरले आहे का?” मला यातले एकही सांगता आले नाही. सोमवारी सकाळी मी बाबांना रक्ततपासणीसाठी घेऊन गेलो.